गाडीखालचा पुठ्ठा

पोर्चच्या फरशीवर तो हिरवा डाग कधीपासून होता, मला सांगता येणार नाही. त्या दिवसांत मी घर झाडत होते, पुसत होते, पण ते काम हात करत होते. मार्चच्या सुरुवातीला डाग पायाला चिकटला म्हणून दिसला. वाकून बोट लावलं. तेल नव्हतं. तेलापेक्षा पातळ, जरासं बुळबुळीत, आणि वास गोडसर, लहानपणी खोकल्याच्या औषधाला यायचा तसा. वर माझ्या भावाची मोटरसायकल उभी होती.

भाऊ माझ्याहून लहान. दिवाळीनंतर त्याला ताप आला आणि तो ताप उतरला नाही. एवढंच लिहिते, याहून जास्त लिहायला बसले की भलतंच काहीतरी लिहून होतं. आई आधीच गेलेली. घरात उरलो आबा, म्हणजे माझे वडील, आणि मी. मी जालन्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आबांनी उभी हयात ट्रक चालवला. मोसंबी, सरकी, सळई, जे भरून मिळेल ते घेऊन हैदराबादपासून इंदूरपर्यंत. भावजय थोडे दिवस आमच्याजवळ राहिली आणि मग टेंभुर्णीला माहेरी गेली. तिला जा कुणी म्हणालं नाही, आणि राहा म्हणण्याइतकं बळ आम्हा दोघांच्या अंगात नव्हतं.

गाडी मात्र आबा रोज सकाळी सुरू करायचे. चालवायचे नाहीत; गुडघे त्यांना आता साथ देत नाहीत. वरचं फडकं काढायचे, बटण दाबायचे, आणि चहा होईपर्यंत टाकीवर हात ठेवून नुसते उभे राहायचे. बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा हात. मी विचारलं तर म्हणायचे, "बॅटरी उतरंल ना माय." सुरुवातीला तो आवाज ऐकून शेजारच्या काकू खिडकीत यायच्या. पुढे त्यांनाही सवय झाली.

डाग त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी तो आधीच पाहिलेला होता.

"कूलंट हाय ते," ते म्हणाले. "रेडिएटरचं पाणी. बरेच दिवस झाले गळून राह्यलंय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला काय काय सांगावं," असं म्हणून त्यांनी गाडी बंद केली.

त्याच आठवड्यात भावजयीचा फोन आला. तिचं शिक्षण नर्सिंगचं. तिला जाफराबाद तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रावर काम मिळालं होतं. उपकेंद्राखाली चार-पाच वाड्यावस्त्या येतात, घरोघर फिरावं लागतं, आणि बस त्यांतल्या एकाच गावाला जाते. पुढच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. हे सगळं सांगून तिने विचारलं,

"ताई, गाडी मी नेऊ का? मला चालवता येते. ह्यांनी शिकवलं होतं."

मला ते माहीत होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघं रविवारी सकाळी बाहेर पडायचे आणि परत येताना हँडल तिच्या हातात असायचं. गल्लीच्या तोंडाशी मात्र ती उतरून मागे बसायची. आबांना सगळं दिसायचं, आणि काही दिसत नसल्यासारखे ते पेपर वाचायचे.

मी आबांना विचारलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"तिचीच हाय. नेऊ दे," ते म्हणाले. मग उठून पोर्चमध्ये गेले आणि तिथूनच बोलले, "पर अशी गळती गाडी कशी द्यावी? आडरस्त्यानं बंद पडली तर तिनं काय करावं?"

तर असं ते काम आमच्यापुढे आलं. गाडी रविवारपर्यंत धड करायची, म्हणजे ती सोमवारी कामावर जाईल. बाहेरून पाहिलं तर फार मोठं काम नव्हतं. पण त्या दिवसांत गॅसचं सिलिंडर सांगणंही मला डोंगराएवढं वाटत होतं.

आबांनी माझ्याकडे एक कोरा पुठ्ठा मागितला. ग्रंथालयात पुस्तकांची खोकी येतात, त्यातलं एक मी उलगडून आणलं. आबांनी ते गाडीखाली सरकवलं आणि पुढच्या चाकाची जागा पेन्सिलीने आखून ठेवली. "फरशीवर डाग पसरतो. पुठ्ठ्यावर थेंब जिथं पडतो तिथंच राह्यतो," ते म्हणाले. गाडी सुरू केली, गरम होऊ दिली, बंद केली. आम्ही दोघं पायरीवर बसलो. काही वेळाने पहिला थेंब पडला. इंजिन थंड होताना टकटक वाजत होतं आणि आम्ही पुठ्ठ्याकडे बघत होतो. कित्येक आठवड्यांनी आम्ही दोघं मिळून एका गोष्टीकडे बघत होतो.

थेंब पडत होता तो रेडिएटरच्या खालच्या नळीच्या टोकाखाली. मी चौकातल्या मेकॅनिकला बोलावलं. भावाच्याच वयाचा, भावाचा ओळखीचा; आल्यावर त्याने गाडीला हात लावण्याआधी क्षणभर मान खाली घातली. त्याने नळीची क्लिप आवळली, म्हणाला, "बस, झालं." दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर पुन्हा थेंब.

"मंग रेडिएटरच गेलं आसंल, ताई," तो फोनवर म्हणाला. "गाडी दुकानावर आणा, खोलून बघतो. नवं टाकायचं म्हणलं तर पुण्याहून मागवावं लागंल, आठ-दहा दिवस धरून चाला."

आठ-दहा दिवस आमच्याजवळ नव्हते. तरी गाडी दुकानावर न्यायची ठरवली. ग्रंथालयात वर्षअखेरीची पुस्तकमोजणी चालू होती. घरी यायला रोज उशीर होत होता, गाडी न्यायचं राहून जात होतं. मी बाटलीतलं कूलंट आणून ठेवलं होतं, ते सकाळी भरायची आणि कामावर जायची.

शुक्रवारी पुठ्ठा कोरडा होता. शनिवारीही.

"थांबली," आबा म्हणाले.

"आपोआप?"

"क्लिप बसली आसंल. रबर गरम झालं की जागा धरतं."

कोरड्या पुठ्ठ्यावर मी हात फिरवून पाहिला. वाळलेल्या जुन्या थेंबांच्या खरखरीत कडा तेवढ्या लागल्या. मेकॅनिकला नको म्हणून कळवलं.

रविवारी सकाळी भावजय काळीपिवळीने आली. पंजाबी ड्रेस, पाठीला सॅक, केस घट्ट बांधलेले. वाळली होती. मीही तिला तशीच दिसले असणार. तिने पोहे खाल्ले, आबांच्या पाया पडली, खिळ्यावरचं भावाचं हेल्मेट काढलं, आत फुंकर मारून धूळ उडवली आणि डोक्यात घातलं. ते तिला सैल होतं. आबांनी वाकून तिच्या हनुवटीखालचा पट्टा ओढून बसवला, लहान पोराचं बटण लावावं तसा. या वेळी ती गल्लीच्या तोंडाशी उतरली नाही. गाडी वळली आणि आवाज गेला.

आबा पोर्चमध्येच उभे राहिले. मी आत येऊन भांडी घासायला घेतली.

भांडी अजून पालथी घालायची होती तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, लाल दिवा लागलाय," भावजय म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण मागे रसवंतीच्या घुंगरांचा खणखणाट चालू होता, त्यामुळे ती मोठ्याने बोलत होती. "राजूरच्या अलीकडे आहे. रेडिएटरचा पंखा थांबतच नव्हता, आणि मांडीला भट्टीसारखी धग लागायला लागली. मी बंद करून ढकलत इथं सावलीला आणली. रसवाले दादा म्हणतात इंजिनावर पाणी ओता. मी ओतू दिलं नाही. बरोबर केलं ना?"

"बरोबर केलंस," मी म्हटलं. मला खात्री नव्हती, पण तिला तेव्हा तेच हवं होतं.

आबांना सांगितलं. त्यांनी चपला घातल्या आणि फाटकाशी जाऊन उभे राहिले.

मेकॅनिक टेम्पो घेऊन आला, आम्ही दोघं त्याच्याबरोबर गेलो. रसवंतीपाशी कडुलिंबाखाली गाडी उभी होती आणि भावजय बाकावर हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती. आबा टेम्पोतून उतरले ते सरळ गाडीपाशी गेले. रेडिएटरच्या वरच्या नळीला त्यांनी हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग खालच्या नळीला लावला. तिथे तो हात तसाच राहिला.

"वरची जळून राह्यली, खालची थंडी," मेकॅनिक म्हणाला. "पाणी फिरतच न्हाई. थर्मोस्टॅट अडकला, पाणी सोडायची झडप. काका, बराबर?"

आबा उठले. "दुकानावर घे," एवढंच म्हणाले.

जालन्याला परत येईपर्यंत ते टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. ज्या माणसाने आयुष्यभर ट्रक चालवताना शेजाऱ्याशी अखंड गप्पा मारल्या, तो काचेतून बाहेर बघत होता. मला वाटलं उन्हाने थकलेत.

दुकानात मेकॅनिकने खालची नळी सोडली. तेलाच्या कापलेल्या डब्यात पाणी पडलं. आधी हिरवट, मग मळकट, आणि शेवटी तांबडं. लालसर तपकिरी, गाळासकट. त्याने थर्मोस्टॅट काढला. तोही त्याच चिखलाने माखलेला.

"गंज," तो म्हणाला. "बोअरचं पाणी टाकलं ना तुम्ही?"

"नाही," मी म्हटलं. "बाटलीतलंच कूलंट भरलं. मी स्वतः."

"मंग लाल कुठून आलं?" त्याने गाळ दोन बोटांत चोळला. "रेडिएटर ॲल्युमिनियमचं. त्याला गंज येतो तो पांढरा, पावडरीवानी. लाल येतच न्हाई." तो थोडा वेळ इंजिनाकडे बघत राहिला. "इंजिनाच्या आतून येऊन राह्यला आसंल. तसं आसंल तर मंग पुरं खोलावं लागंल. महिना धरा."

भावजय उलट्या टायरवर बसली होती. तिने मोबाइलवर वेळ बघितली, जणू महिना म्हणजे काय ते त्यात दिसणार होतं. "मी उद्या रुजू नाही झाले तर ते दुसरीला बोलावतील," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही. नुसतं म्हणाली.

मला त्या क्षणी फक्त घरी जाऊन आडवं पडायचं होतं. पण डबा माझ्या पायाशी होता, आणि पाण्याचा शिंतोडा माझ्या ओढणीवर उडाला होता. मी तो पुसायला गेले. डाग मधे तांबडा होता, आणि कडेला, जिथे तो विरळ होत गेला होता, तिथे पिवळा. मी ओढणी नाकाशी नेली. कूलंटच्या त्या गोडसर वासाखाली आणखी एक वास होता. तो वास दुकानातला नव्हता, तो घरातला होता.

हळदीचा डाग साबणाला लागला की तांबडा होतो, हे कपडे धुणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. हळदीत चुना कालवला की कुंकवाचा रंग येतो, तीच गोष्ट. कूलंट थोडंफार साबणाच्या पाण्यासारखंच असावं.

"ही हळद आहे," मी म्हटलं.

मेकॅनिक हसला. "ताई, गाडीत भाजी करून राह्यले का तुम्ही?"

भावजयीने वाकून डब्यात पाहिलं, त्या लाल रंगाकडे, आणि नजर काढून घेतली. मग तिने आबांकडे बघितलं. माझ्या आधी तिला कळलं.

आबा दुकानाच्या खांबाला टेकून उभे होते.

"मी टाकली," ते म्हणाले. "गुरुवारी. तू कामावर गेल्यावर."

मग खांब न सोडता पुढचंही सांगत राहिले. "आमच्या टायमाला टाकायचेच. निर्मलच्या घाटात एकदा रेडिएटर फुटलं व्हतं, गाडीत चौदा टन माल. ढाब्यावाल्याकडून ओंजळभर हळद घेतली, टाकली. भोकात जाऊन बसली. हैदराबादेत जाऊन माल उतरवला, मंग झाळून घेतलं. सगळेच ड्रायव्हर करायचे. हितं तर मी दोनच चमचे टाकले."

"काका," मेकॅनिक म्हणाला, "तुमच्या ट्रकचं रेडिएटर दरवाजाएवढं. आन हे बघा." त्याने बोटाने दाखवलं. ते पोरांच्या पाटीएवढं होतं. "ह्याच्या नळ्या काडीवानी बारीक. भोक बुजलं, बराबर हाय, पर नळ्या बी बुजल्या ना. फोडणी तेवढी राह्यली द्यायची."

एरवी आबांनी त्याला दुप्पट सुनावलं असतं. आज त्यांनी मान हलवली.

"आबा, मला सांगायला पाहिजे होतं तुम्ही," भावजय म्हणाली.

"सांगितलं आसतं तर तू नेली नसती."

"नसती नेली."

"मंग उद्या कशानं गेली असती?"

"बसनं."

"बस येकाच गावाला जाती म्हणली व्हती तू."

तिने मोबाइल सॅकमध्ये टाकला. तिला राग आला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. पण रागाला लागते तेवढी ताकद आमच्यापैकी कुणाकडेच नव्हती. मेकॅनिकने पाना उचलला. "हळद आसंल तर लई बरं झालं," तो म्हणाला. "म्हंजी इंजिन खोलायचं काम न्हाई. रेडिएटर धुवायचं आन भोक बुजवायचं. आज होऊन जाईल."

रेडिएटर काढून आम्ही जुन्या जालन्यात एका रेडिएटरवाल्याकडे नेलं. त्याचं दुकान शुक्रवारी बंद असतं, म्हणून रविवारी उघडं होतं. आबांच्या ओळखीचा निघाला. म्हणजे त्याचे वडील ओळखीचे होते. आबांनी स्वतःहून सांगितलं, बहुतेक आमच्यापैकी कुणी सांगण्याआधी आपण सांगावं म्हणून.

"हल्दी डाली मैंने."

"हमारे अब्बा भी डालते थे, चाचा," तो रेडिएटर उन्हाकडे धरून जाळीतून बघत म्हणाला. "अब्बा तो एक बार अंडा डाले थे. वो पितळ का जमाना था. पितळ सब सह लेता." मग आमच्याकडे वळून मराठीत म्हणाला, "बसा ताई. टाइम लागंल."

त्याने उलट्या बाजूने पाण्याचा पाइप लावला. तांबडं पाणी आलं, मग पिवळं, मग पांढरं. मग कसलंतरी औषध घालून तापवत ठेवलं, पुन्हा धुतलं, पुन्हा पिवळं आलं. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. आबा हौदाच्या कडेला उकिडवे बसून प्रत्येक वेळी पाण्याचा रंग बघत होते. गुडघे दुखत असणार, पण उठले नाहीत.

आमच्याकडे सुतकात जेवणात हळद घालत नाहीत. ते दिवस पांढरं वरण आणि भात. ते संपल्यावर मी पहिल्यांदा वरणात हळद घातली तेव्हा आबांनी ताटाकडे बघितलं आणि वाटी हळूच बाजूला सरकवली होती. तेव्हापासून मीच हळद कमी वापरत होते. डब्यातली दोन चमचे कमी झाल्याचं मला कळायचं काही कारण नव्हतं. त्या घरात त्यांना हळद दिसली ती औषध म्हणून, आणि त्यांनी ती तशी वापरली. तिथे बसल्या बसल्या मला हे सुचलं.

पाणी स्वच्छ आल्यावर त्याने रेडिएटरची तोंडं रबरी बुचांनी बंद केली, एका बुचातून हवा भरली आणि सगळं हौदात बुडवलं. आम्ही चौघंजण वाकलो. काही वेळ काहीच नाही. मग वरच्या कोपऱ्यातून, जिथे रेडिएटर गाडीच्या चौकटीला अडकवलेलं असतं त्या पट्टीमागून, बुडबुड्यांची एक बारीक माळ वर येऊ लागली.

"ये देखो," तो म्हणाला.

"खालच्या नळीशी गळत होतं की," मी म्हटलं.

"गळत वर होतं ताई. पाणी पट्टीच्या मागून वघळत खाली यायचं आन क्लिपवरून टपकायचं." मग त्याने रेडिएटर हौदातच फिरवलं. जाळीच्या मध्यावर, जिथे खडा लागून नळी चेपली होती, तिथून दुसरी माळ निघाली.

"हा खडा मला माहीत आहे," भावजय म्हणाली. आम्ही तिच्याकडे बघितलं. "वडीगोद्रीकडून येताना. पुढचा डंपर खडी सांडत होता. हे म्हणाले होते, रेडिएटर एकदा दाखवून घ्यायला पाहिजे. दिवाळीनंतर दाखवतो म्हणाले होते."

हौदातलं पाणी शांत झालं. रेडिएटरवाल्याने विचारलं नाही की हे म्हणजे कोण. त्याने दोन्ही जागी खिळ्याने खूण केली, काळा चष्मा चढवला आणि आम्हाला तिकडे बघू नका म्हणाला. आर्गन वेल्डिंगचा निळा उजेड भिंतीवर थरथरत राहिला. आम्ही पाठ करून उभे होतो, तिघं, लग्नात फोटोला उभे राहतात तसे एका रांगेत.

दुसऱ्यांदा बुडवल्यावर एकही बुडबुडा आला नाही. तरी आबा म्हणाले, "अजून थोडा टाइम ठेव." त्याने ठेवलं.

मेकॅनिककडे परत येईस्तोवर ऊन कललं होतं. त्याने इंजिनातही पाणी फिरवून उरलासुरला गाळ काढला, नवा थर्मोस्टॅट बसवला, कूलंट भरलं, झाकण उघडं ठेवूनच गाडी सुरू केली. गाडी एका बाजूला कलती केली की आतली हवा बुडबुड करत वर यायची आणि पातळी खाली जायची. तो पुन्हा भरायचा. मग झाकण लावलं. आता फक्त वाट बघायची होती.

"पंखा लागंल," मेकॅनिक म्हणाला. "पंखा लागणं काय मोठं न्हाई. बंद झाला पाहिजे."

पंखा लागला. चौघंही गाडीभोवती उभे. आबांचा हात खालच्या नळीवर होता. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. पंखा चालत राहिला, माझ्या मते फार वेळ चालत राहिला. भावजयीने डोळे मिटले होते. मग आबांनी हात उचलला.

"गरम झाली. खालची गरम झाली," ते म्हणाले.

आणि थोड्याच वेळात पंखा थांबला.

मेकॅनिकने हात पुसले. कुणी आनंदाने ओरडलं नाही. भावजय टायरवर खाली बसली आणि तिने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं; रडत नव्हती, नुसती बसली होती. आबा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. शेवटी म्हणाले, "हेल्मेट बी तुला मोठं होतं पोरी. आत स्पंज लावून देतो."

ती त्या रात्री आमच्याकडेच राहिली. अंधारात जाऊ नको, असं आबा म्हणाले, आणि तिने वाद घातला नाही. स्वयंपाकाला ती उभी राहिली. मी भिंतीला टेकून तिच्याकडे बघत बसले. तिने पिठलं केलं. मसाल्याचा डबा उघडून तिने हळदीच्या वाटीवर चमचा वाजवला.

"ताई, हळद संपत आली," ती म्हणाली. मग बाहेरच्या खोलीकडे आवाज चढवून, "आबा, मला एक चमचा राहू दिलात, उपकार झाले."

बाहेरून आबांचा आवाज आला, "जास्त लागत न्हाई पिठल्याला."

ती हसली. मीही. पिठलं पिवळंधमक झालं होतं, आणि आबांनी दोनदा घेतलं.

सकाळी, ती निघण्याआधी, आबांनी तिला गाडीवरची कूलंटची बाटली दाखवली. पातळी दोन रेघांच्या मधे पाहिजे, इंजिन थंड असताना बघायचं, गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. तिला हे सगळं येत होतं. मला ते दिसत होतं. ती दर वाक्याला मान हलवत होती, पण ते शिकण्यासाठी नव्हतं. आबा सांगून संपले आणि तरी तिथेच उभे राहिले.

"वेल्डिंग नवं हाय," ते म्हणाले. "महिन्याभरानं येकदा बघावं लागंल."

"तिकडे मेकॅनिक आहे, आबा."

"त्याला काय माहीत कुठं झाळलंय ते."

ती हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिली. आत स्पंज लावलेला होता. आबांनी तो कधी लावला मला माहीत नाही. "बरं," ती म्हणाली. "येईन दाखवायला."

ती गेली. पोर्च मोकळा झाला. मी फरशीवरचा हिरवा डाग ब्रशने घासला. बराच गेला, थोडा राहिला. आबा सकाळी उठून सवयीने पोर्चमध्ये जायचे आणि मोकळ्या जागेपाशी उभे राहून परत आत यायचे. मी चहा थोडा लवकर ठेवू लागले.

महिना उलटून गेला आणि ती आली नाही. उपकेंद्रात लसीकरण चालू होतं, असं फोनवर म्हणाली. ती म्हणाली तेवढंच मी आबांना सांगितलं.

मग एका रविवारी, उन्हं चढायच्या आत, गल्लीत आवाज आला. मी बाहेर जाईपर्यंत आबा उठले होते. भावजय गाडी पोर्चमध्ये घेत होती, अंगावर धूळ, तोंडाला स्कार्फ. ती उतरायच्या आत आबांनी पुठ्ठा खाली सरकवला. नवा, कोरा. मी तो आणला नव्हता. त्यांनी कुठून मिळवला होता, किती दिवस कपाटामागे ठेवला होता, कुणास ठाऊक. पुढच्या चाकाची जागा त्यांनी पेन्सिलीने आखली.

"आबा, आधी पाणी तरी पिऊ द्या मला," ती म्हणाली.

"पी ना. पुठ्ठ्याला तुझं काय काम हाय?"

आम्ही चहा प्यायलो. तिने वस्त्यांवरच्या गोष्टी सांगितल्या. एक म्हातारी तिला गाडीवाली बाई म्हणते आणि सुईला घाबरून ज्वारीच्या कणग्यामागे लपते. आबा ऐकत होते, पण मधून मधून दाराबाहेर बघत होते. जेवणं झाली. दुपार झाली. तिने भांडी घासली, मी पुसली. उन्हं पोर्चमधून सरकून कुंपणापर्यंत गेली तेव्हा आबा बाहेर गेले आणि गुडघ्यावर हात ठेवून वाकले. पुठ्ठा त्यांनी ओढून काढला, उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला.

आम्ही दोघी दारात उभ्या होतो.

"कोरडा हाय," ते म्हणाले.

त्यांनी तो पुसण्यासारखं काही नसताना सदऱ्याच्या बाहीने पुसला आणि दाराआडच्या भिंतीला उभा केला.

"तरी पुढच्या महिन्यात बघू," ते म्हणाले. "उन्हाळा कडक हाय."

"बघू," भावजय म्हणाली आणि स्कार्फ बांधायला लागली.